कार्यपूर्तीची पोच : पार्श्वभूमीतील कार्यरांगांचा एक मूलभूत प्रश्न

एखादे काम दुसऱ्याकडे सोपविले की तीन निरनिराळ्या गोष्टी घडावयाच्या असतात. त्याने ते स्वीकारावे, त्याने ते पार पाडावे, आणि ते पार पडल्याचे सोपविणाराला कळावे. नित्याच्या बोलण्यात या तिन्ही गोष्टींना ‘काम झाले’ हा एकच शब्दप्रयोग पुरतो, आणि माणसामाणसांतील व्यवहारात त्यावाचून फारसे अडत नाही. तथापि रजिस्टर पत्राची पोचपावती परत आली म्हणजे पत्र कोणाच्या तरी हाती पडले एवढेच सिद्ध होते. ते वाचले गेले, किंवा त्यावर काही कार्यवाही झाली, असे तिच्यावरून सिद्ध होत नाही, हे कोर्टकचेरीचा अनुभव असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. संगणकीय सेवांची रचना करणारांना मात्र हाच भेद वारंवार नव्याने शिकावा लागतो. तो ध्यानात न घेतल्याने एकाच विद्यार्थ्याची फी दोनदा कापली जाते, अपुरा निकाल पूर्ण म्हणून जाहीर होतो, किंवा केलेले काम कोठेच नोंदले जात नाही. मायक्रोसर्व्हिस पद्धतीच्या रचनेत पार्श्वभूमीतील कामे रांगेत ठेवून करून घेतात. त्यांची पूर्ती कशी ओळखावी, तिची नोंद कोणी व कोठे करावी आणि ती इतरांना कशी कळवावी, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. प्रश्नाचे स्वरूप

एका प्रोग्रॅममध्ये एक फंक्शन दुसऱ्या फंक्शनला बोलाविते तेव्हा पूर्तीचा वेगळा प्रश्न उद्भवत नाही. बोलाविलेले फंक्शन परतले म्हणजे काम संपले. मध्येच यंत्र बंद पडले तर दोन्ही फंक्शने एकदमच नाहीशी होतात. एक जिवंत आणि दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहत आहे, अशी स्थिती येत नाही. सर्व नोंदी एकाच डेटाबेसमध्ये असल्या तर ट्रॅन्झॅक्शनच्या साहाय्याने ‘सर्व किंवा काहीच नाही’ अशी हमीही मिळते.

जेम्स लुईस व मार्टिन फाउलर यांच्या मार्च २०१४ मधील लेखानंतर मायक्रोसर्व्हिस ही संज्ञा सर्वतोमुखी झाली. या पद्धतीत एक मोठा प्रोग्रॅम अनेक लहान, स्वतंत्र सेवांमध्ये विभागला जातो आणि प्रत्येक सेवा आपला डेटाबेस स्वतःपाशी ठेवते. विभागणीचे लाभ अनेक आहेत. परंतु फंक्शन परतण्याने आणि सामाईक ट्रॅन्झॅक्शनने जी हमी अनायासे मिळत होती ती या विभागणीत हरवते.

पुढील विवेचनासाठी एक उदाहरण कल्पिणे सोयीचे होईल. समजा, एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला ४०,००० विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका तयार करावयाच्या आहेत आणि एका गुणपत्रिकेस २ सेकंद लागतात. एकामागून एक तयार करावयाच्या म्हटल्यास ८०,००० सेकंद, म्हणजे २२ तासांहून अधिक काळ जाईल. अधिकाऱ्याने पडद्यावरील बटण दाबून तेवढा वेळ थांबणे शक्य नाही. म्हणून निकालसेवा प्रत्येक गुणपत्रिकेसाठी एक काम रांगेत ठेवते आणि रांगेच्या दुसऱ्या टोकाला २० वर्कर ती कामे एकेक करून उचलतात. आता सुमारे ६७ मिनिटांत सर्व काम आटोपते.

बटण दाबणाराला तत्काळ मिळते ते केवळ ‘स्वीकारले’ एवढेच उत्तर. एचटीटीपी या नियमावलीत याकरिता २०२ हा स्वतंत्र संकेतांक आहे. जून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ९११० या प्रमाणग्रंथातही तो कायम आहे. मागणी स्वीकारली आहे, प्रक्रिया पूर्ण झालेली नाही, आणि पुढे ती होईल असेही वचन यात नाही, असा त्याचा आशय आहे. येथपासून पूर्तीचा प्रश्न सुरू होतो.

२. पोचेची तात्त्विक मर्यादा

वर्करने काम संपविल्यावर ‘झाले’ असा निरोप रांगेला पाठविला की प्रश्न मिटला, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु तो निरोप वाटेत हरवू शकतो. तो हरवला तर रांगेच्या दृष्टीने काम अपुरेच राहिले. निरोप मिळाल्याची उलट पोच मागावी, तर ती पोचही हरवू शकते. ही परंपरा कोठेही थांबत नाही.

अक्कोयुन्लू, एकनाधम व ह्यूबर यांनी १९७५ मध्ये संदेशवहनाच्या या मर्यादेची चर्चा केली आणि जिम ग्रे यांनी १९७८ मध्ये तिला ‘दोन सेनापतींचा पेच’ असे रूप दिले. दोन टेकड्यांवरील दोन सेनापतींनी एकाच वेळी चढाई करावयाची आहे. त्यांच्यातील जासुदांना मात्र शत्रूच्या खोऱ्यातून जावे लागते आणि ते पकडले जाण्याचा संभव आहे. कितीही जासूद धाडले तरी दोघांचा पूर्ण निश्चय होत नाही. याची सिद्धता थोडक्यात अशी. निश्चय घडवून आणणारी निरोपांची सर्वांत छोटी मालिका आहे असे क्षणभर गृहीत धरावे. तिच्यातील शेवटचा निरोप पोचला की नाही हे पाठविणाराला कळणे शक्य नाही. म्हणून त्याचा निर्णय त्या निरोपाच्या पोचण्यावर अवलंबून असू शकत नाही. घेणाराचा निर्णयही त्याच्याशी जुळावयाचा, तर तो निरोप वगळूनही निश्चय झाला पाहिजे. अर्थात गृहीत धरलेली मालिका सर्वांत छोटी नव्हती. हा विरोध टाळता येत नाही. म्हणून अशी मालिकाच अस्तित्वात नाही.

१९८५ मध्ये फिशर, लिंच व पॅटर्सन यांनी याच क्षेत्रातील दुसरा निष्कर्ष मांडला. संदेशाला लागणाऱ्या काळाला काही कमाल मर्यादा नसेल, तर एक जरी घटक बंद पडण्याचा संभव असला तरी उरलेल्यांचे एकमत निश्चितपणे घडवून आणणारी पद्धत असू शकत नाही. या निष्कर्षाच्या मुळाशी असलेली अडचण कार्यरांगेतही भेटते : मंद घटक आणि मृत घटक यांतील फरक दुरून ओळखता येत नाही. उत्तर न देणारा वर्कर काम करीत आहे, काम संपवून बंद पडला आहे, की कामाला हात लावण्यापूर्वीच बंद पडला आहे, हे रांगेला केवळ वाट पाहून समजत नाही.

या दोन निष्कर्षांचे तात्पर्य निराशाजनक नाही. निरोपांची संख्या वाढवून पूर्तीची खात्री मिळणार नाही, तिचा शोध अन्यत्र घ्यावा लागेल, एवढेच ते सांगतात.

३. पोच केव्हा द्यावी

रांगेतून काम उचलणाऱ्या वर्करपुढे दोन मार्ग असतात. काम उचलताच पोच द्यावी आणि मग ते करावे, हा पहिला. काम आधी करावे आणि संपल्यावर पोच द्यावी, हा दुसरा.

पहिल्या मार्गात पोच दिल्यानंतर वर्कर बंद पडला तर काम कायमचे हरवते, कारण रांगेने ते आपल्या यादीतून काढून टाकलेले असते. काम फार तर एकदा होते, कदाचित मुळीच होत नाही. दुसऱ्या मार्गात काम संपल्यावर परंतु पोच पोचण्यापूर्वी वर्कर बंद पडला तर रांग तेच काम दुसऱ्याकडे देते. काम निदान एकदा होते, कदाचित दोनदा. तिसरा मार्ग उपलब्ध नाही. काम व पोच या दोन घटनांमध्ये लहानशी का होईना फट राहतेच आणि वर्कर नेमका त्या फटीत बंद पडू शकतो.

प्रचलित साधनांची मांडणी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पायथन भाषेतील सेलरी ही प्रणाली काही वेगळे सांगितले नसल्यास काम सुरू करण्यापूर्वीच पोच देते. काम संपल्यावर पोच हवी असेल तर तशी आज्ञा स्पष्टपणे द्यावी लागते. २००७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या रॅबिटएमक्यूमध्ये दोन्ही पद्धती आहेत. वर्करने स्वतः पोच देण्याची पद्धत निवडली असता जोडणी तुटताच त्याच्याकडील पोच न दिलेली कामे पुन्हा रांगेत येतात. ॲमेझॉनच्या एसक्यूएस या सेवेत उचललेले काम ठराविक काळ इतरांना दिसेनासे होते. हा काळ वेगळा न ठरविल्यास ३० सेकंद असतो आणि १२ तासांपर्यंत वाढविता येतो. त्या अवधीत वर्करने ते काम रांगेतून काढून टाकले नाही, तर ते पुन्हा सर्वांना दिसू लागते.

या शेवटच्या पद्धतीत वर्करला कामाची मालकी मिळत नाही, मुदतीचा ताबा मिळतो. केरी ग्रे व डेव्हिड चेरिटन यांनी १९८९ मध्ये अशा मुदतीच्या ताब्याची कल्पना निराळ्या संदर्भात, म्हणजे फाइलींच्या तात्पुरत्या प्रतींविषयी, मांडली होती. ताब्याला मुदत असल्याने मृत वर्करमुळे काम अडून राहत नाही. परंतु मंद वर्करमुळे दुसरी अडचण उत्पन्न होते. मुदत ३० सेकंदांची आहे आणि गुणवत्ता यादी तयार करण्यास ४५ सेकंद लागतात, असे समजावे. तिसाव्या सेकंदाला ते काम दुसरा वर्कर उचलतो आणि पुढील १५ सेकंद दोन वर्कर एकाच यादीवर काम करीत राहतात. कोणीही बंद पडलेले नाही, कोठेही जाळे तुटलेले नाही, तरीही काम दोनदा होते. मुदत वाढवावी, तर खरोखर मृत झालेल्या वर्करचे काम तितका काळ पडून राहते. म्हणून दीर्घ कामात वर्करने अधूनमधून मुदत वाढवून घेत राहावे, हा मध्यममार्ग रूढ आहे.

तोही पुरा पडत नाही. मुदत वाढवून घेणारी प्रक्रियाच काही काळ गोठली, उदाहरणार्थ स्मृतीची साफसफाई चालू असल्यामुळे किंवा आभासी यंत्र दुसरीकडे हलविले जात असल्यामुळे, तर ती भानावर येते तेव्हा आपला ताबा गेलेला आहे हे तिला ठाऊक नसते. ती निःशंकपणे जुने उत्तर लिहून टाकते. यावर मार्टिन क्लेपमन यांनी २०१६ मध्ये विशद केलेला उपाय असा की, प्रत्येक ताब्याबरोबर चढता क्रमांक द्यावा आणि उत्तर साठविणाऱ्या डेटाबेसने आधी पाहिलेल्या क्रमांकाहून लहान क्रमांकाचे लेखन नाकारावे. येथे निर्णयाचा अधिकार रांगेकडून डेटाबेसकडे गेला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढील विवेचनाचा रोख तिकडेच आहे.

४. ‘नेमके एकदा’ या हमीचा अर्थ

काही साधने ‘नेमके एकदा’ अशी हमी देतात. ही हमी खोटी नव्हे, पण तिला सीमा आहे. जून २०१७ मध्ये आलेल्या काफ्काच्या ०.११ या आवृत्तीपासून काफ्कातून वाचून, प्रक्रिया करून, पुन्हा काफ्कातच लिहिण्याचा क्रम एका ट्रॅन्झॅक्शनमध्ये बांधता येतो. वाचल्याची खूण आणि लिहिलेले उत्तर दोन्ही त्याच प्रणालीत असल्याने हे साधते. परंतु प्रक्रिया चालू असताना वर्करने बाहेर ईमेल पाठविला, तर तो या हमीच्या कक्षेत येत नाही. एसक्यूएसच्या क्रमबद्ध रांगांमध्ये एकाच ओळखखुणेचा संदेश पुन्हा पाठविल्यास तो गाळला जातो. पण ५ मिनिटांच्या अवधीपुरताच.

सीमेचा हा मुद्दा सॉल्ट्झर, रीड व क्लार्क यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात सर्वसामान्य रूपाने मांडला आहे. त्यांच्या प्रतिपादनानुसार काही गुणधर्म केवळ दोन्ही टोकांच्या ज्ञानानेच पूर्णपणे साधता येतात. मधल्या वाहकाने कितीही काळजी घेतली तरी ती टोकांवरील तपासणीची जागा घेऊ शकत नाही. त्यांनी दिलेले एक उदाहरण बोधप्रद आहे. एमआयटीमधील अनेक स्थानिक जाळी काही यंत्रांनी परस्परांशी जोडलेली होती आणि प्रत्येक टप्प्यावर मजकुराची बेरीज तपासली जाई. त्यांपैकी एका जोडयंत्रात मजकूर एका साठ्यातून दुसऱ्या साठ्यात उतरविताना क्वचित दोन बाइटांची अदलाबदल होऊ लागली. टप्प्याटप्प्यावरील तपासणीला हा दोष दिसला नाही, कारण तो दोन टप्प्यांच्या मध्ये, यंत्राच्या आत, घडत होता. वाहतूक सुरक्षित आहे या विश्वासाने राहिलेल्यांना अखेरीस आपल्या प्रोग्रॅमांच्या फाइली जुन्या छापील प्रतींशी ताडून हाताने दुरुस्त कराव्या लागल्या.

कार्यरांग हाही एक वाहकच होय. काम पोचविण्याविषयीची तिची पोच उपयुक्त आहे, कारण तिच्यामुळे बहुतेक पुनरावृत्ती टळतात. पण काम पूर्ण झाले की नाही याचा पुरावा म्हणून ती चालत नाही. तो पुरावा जेथे कामाचा परिणाम घडतो तेथेच असू शकतो.

५. परिणाम व नोंद यांची एकत्र बांधणी

यावरून पहिला व्यावहारिक नियम निघतो. कामाचा परिणाम आणि काम पूर्ण झाल्याची नोंद या दोन गोष्टी एकाच ट्रॅन्झॅक्शनमध्ये लिहिल्या पाहिजेत.

प्रत्येक कामाला ते सोपविणारानेच एक कायमचा क्रमांक द्यावा. हा क्रमांक रांगेने प्रत्येक वाटपाच्या वेळी दिलेला असू नये, कारण तो वाटपागणिक बदलतो. वर्करने गुणपत्रिकेची नोंद लिहिताना त्याच ट्रॅन्झॅक्शनमध्ये ‘पूर्ण कामे’ या तक्त्यातही तो क्रमांक लिहावा आणि त्या स्तंभावर एकमेवत्वाचे बंधन ठेवावे. तेच काम पुन्हा आले तर दुसरे लेखन बंधनामुळे नाकारले जाईल. वर्करने ते अपयश न मानता ‘काम आधीच झाले आहे’ असे समजावे आणि रांगेला निःसंकोच पोच द्यावी. काम आधी तपासावे व मग लिहावे, असा दोन पावलांचा क्रम मात्र पुरेसा नाही; दोन वर्कर एकाच क्षणी तपासतील तर दोघांनाही नोंद दिसणार नाही. म्हणून भिस्त तपासणीवर न ठेवता बंधनावर ठेवावी.

एकच क्रिया कितीही वेळा केली तरी परिणाम एकदा केल्याइतकाच राहणे, या गुणधर्माला आयडेम्पोटन्स म्हणतात. हा शब्द बेंजामिन पर्स यांनी १८७० मध्ये बीजगणितात योजिला. ज्या घटकाला स्वतःनेच गुणले असता तोच घटक मिळतो, त्याचे ते विशेषण होते. काही क्रियांत हा गुण अंगभूतच असतो. ‘या विद्यार्थ्याचे गुण ७२ असे लिहा’ ही आज्ञा दहा वेळा पाळली तरी हानी नाही; ‘या विद्यार्थ्याचे गुण २ ने वाढवा’ ही आज्ञा मात्र दुसऱ्यांदा पाळताच निकाल बिघडतो. आज्ञा पहिल्या स्वरूपात देता येत असेल तर तीच रचना श्रेयस्कर होय.

सोपविणाराच्या बाजूलाही अशीच फट असते. निकालसेवेने आपल्या डेटाबेसमध्ये ‘निकाल मंजूर’ असे लिहिले आणि रांगेत काम टाकण्यापूर्वी ती बंद पडली, तर निकाल मंजूर असूनही गुणपत्रिका कधीच तयार होणार नाहीत. क्रम उलटा ठेवल्यास मंजुरी रद्द होऊनही गुणपत्रिका तयार होण्याचा धोका आहे. यावर रूढ उपाय असा की, रांगेत टाकावयाचे काम आधी आपल्याच डेटाबेसमधील ‘जावक’ तक्त्यात, मंजुरीच्याच ट्रॅन्झॅक्शनमध्ये, लिहावे. एक स्वतंत्र प्रक्रिया तो तक्ता वाचून कामे रांगेत टाकीत राहील. कचेरीतील जावक बारनिशीचेच हे तत्त्व आहे. ती प्रक्रिया एखादे काम दोनदा टाकू शकेल. परंतु त्याचा बंदोबस्त वरील एकमेव क्रमांकाने झालेलाच आहे.

६. बाहेरचा परिणाम आणि तिसरी अवस्था

परिणाम आपल्या डेटाबेसबाहेर घडत असेल, तर त्याला आपल्या ट्रॅन्झॅक्शनमध्ये बांधता येत नाही. पैशाची देवघेव हे याचे सर्वांत महत्त्वाचे उदाहरण होय. वर्करने बँकेकडे विद्यार्थ्याची फी मागितली आणि ठराविक वेळात उत्तर आले नाही, तर फी कापली गेली आहे किंवा नाही हे वर्करला माहीत नसते. अशा वेळी अपयशाची नोंद करणे ही चूक होय आणि पुन्हा मागणी करणे ही त्याहून मोठी चूक होय. बाहेरची संस्था मागणीबरोबरचा एकमेव क्रमांक ओळखून पुनरावृत्ती गाळीत असेल, तर तोच क्रमांक घेऊन पुन्हा मागणी करणे निर्धोक ठरते. तशी सोय नसेल तर आधी त्या क्रमांकाच्या मागणीचे काय झाले याची विचारणा करावी आणि निश्चित उत्तर मिळाल्यावरच पुढे जावे.

अर्थात यशस्वी व अयशस्वी यांखेरीज ‘अनिश्चित’ ही तिसरी अवस्था मान्य करावी लागते. भारतातील देयकव्यवस्थेने ती नियमांतही मान्य केली आहे. यूपीआयची सुरुवात २०१६ मध्ये झाली. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार, यूपीआयने एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे पाठविताना ते पाठविणाराच्या खात्यातून वजा झाले पण घेणाराच्या खात्यात जमा झाले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत केले पाहिजेत. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई द्यावी लागते. व्यापाऱ्याला दिलेल्या रकमेची पुष्टी त्याच्याकडे पोचली नाही तर हीच मुदत ५ दिवसांची आहे. या नियमात रचनाकाराने शिकण्याजोगे तीन विशेष आहेत. अनिश्चितता नाकारलेली नाही. तिला कालमर्यादा घातली आहे. आणि मर्यादा उलटल्यास भार कोणी सोसावा हे ठरविले आहे. प्रत्येक कार्यरांगेत या तीन प्रश्नांची उत्तरे आधीच लिहून ठेवलेली असावीत.

७. गटाची पूर्ती

एका कामाच्या पूर्तीपेक्षा अनेक कामांच्या गटाची पूर्ती ओळखणे अधिक अवघड आहे. सर्व ४०,००० गुणपत्रिका तयार झाल्यावरच निकाल जाहीर करावयाचा आहे. सर्वांत सोपा वाटणारा उपाय म्हणजे ४०,००० पासून उलट मोजणारा आकडा ठेवणे आणि प्रत्येक कामाच्या शेवटी त्यातून १ वजा करणे. परंतु कामे निदान एकदा, म्हणजे क्वचित दोनदा, होतात हे वर पाहिलेच आहे. एक काम दोनदा होऊन आकडा दोनदा कमी झाला, तर ३९,९९९ विद्यार्थ्यांची कामे झाली असतानाच तो शून्यावर येतो. निकाल जाहीर होतो आणि एका विद्यार्थ्याची गुणपत्रिका सापडत नाही. म्हणून आकडा न ठेवता पूर्ण झालेल्या क्रमांकांचा संच ठेवावा. संचात तोच क्रमांक दुसऱ्यांदा घातल्याने संच वाढत नाही. तसेच गटात एकूण कामे किती हे मोजणीपूर्वी निश्चित झालेले असावे. कामे अजून रांगेत टाकली जात असतानाच तोपर्यंतची सर्व कामे संपली, तर गट अकाली पूर्ण झाल्याचा भास होतो.

दुसरी अडचण याच्या उलट आहे. शेवटची दोन कामे एकाच क्षणी दोन वर्कर संपवितात. प्रत्येक जण आपल्या ट्रॅन्झॅक्शनमध्ये स्वतःचे काम पूर्ण म्हणून लिहितो आणि किती उरली ते मोजतो. दुसऱ्याचे लेखन अद्याप कायम झालेले नसल्याने प्रत्येकाला एक काम बाकी दिसते. दोघेही ‘शेवटचा मी नव्हे’ असे समजून निघून जातात आणि निकाल जाहीर करण्यास कोणीच उरत नाही. यावर प्रत्येक वर्करने मोजणीपूर्वी गटाच्या एकाच नोंदीवर कुलूप घ्यावे आणि कुलूप मिळाल्यानंतरची ताजी स्थिती मोजावी, हा एक उपाय. याला जोडूनच, ठराविक काळाने अपुऱ्या गटांची पाहणी करणारी स्वतंत्र प्रक्रियाही असावी. तिच्यामुळे कोणत्याही अनपेक्षित कारणाने अडकलेला गट कायमचा अडकून राहत नाही.

गटातील काही कामे झाली आणि काही होऊच शकली नाहीत, तर काय करावे? हेक्टर गार्सिया-मोलिना व केनेथ सॅलेम यांनी १९८७ मध्ये ‘सागा’ या नावाने मांडलेल्या पद्धतीत दीर्घ कार्याचे लहान ट्रॅन्झॅक्शनमध्ये तुकडे करतात आणि प्रत्येकासाठी त्याची भरपाई करणारे दुसरे ट्रॅन्झॅक्शन आधीच ठरवितात. भरपाई म्हणजे घडलेले पुसणे नव्हे. फी परत करता येते. ‘उत्तीर्ण’ म्हणून पाठविलेला संदेश मात्र परत घेता येत नाही, त्यामागून दुरुस्तीचा संदेशच पाठवावा लागतो. म्हणून परत न फिरविता येणारी पावले क्रमात शेवटी ठेवणे हितावह असते.

८. पूर्ती कळविण्याचे मार्ग

पूर्ती कळविण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. सोपविणाराने अधूनमधून विचारणा करावी, किंवा वर्करच्या बाजूने उलट निरोप धाडावा. विचारणेत बहुतेक फेऱ्या व्यर्थ जातात आणि उत्तर थोडे उशिरा कळते. परंतु एखादी फेरी हुकली तरी पुढची तेच सत्य सांगते. उलट निरोप त्वरित पोचतो. पण तोही हरवू शकतो, दोनदा येऊ शकतो, किंवा ‘सुरू झाले’ हा निरोप ‘झाले’ या निरोपानंतर येऊ शकतो. म्हणून निरोपाला सूचना मानावे, नोंदीला सत्य मानावे. निरोप आला की नोंद पाहावी. निरोप आला नाही तरी काही काळाने नोंद पाहावीच.

नोंदीची अवस्थाही शिस्तीने बदलली पाहिजे. ‘यशस्वी’, ‘अयशस्वी’ व ‘रद्द’ या अंतिम अवस्था असून तेथून कामाला मागे जाता येऊ नये. मग उशिरा आलेला जुना निरोप काही बिघडवू शकत नाही. वारंवार फसणारी कामे ठराविक प्रयत्नांनंतर वेगळ्या रांगेत, जिला टपालखात्याच्या परिभाषेवरून ‘डेड लेटर’ रांग म्हणतात, ठेवण्याची प्रथा आहे. परंतु ती रांग कोणी पाहत नसेल, तर अपयशाची नोंद झाली तरी ते कोणाला कळले नाही, असेच म्हणावे लागेल.

९. समारोप

वरील विवेचनाचा सारांश असा. कार्यपूर्ती हा निरोप नसून ती नोंद आहे. ती नोंद परिणामाच्या शेजारी, परिणामाबरोबरच आणि एकाच वेळी झाली, तर रांगेने काम कितीदा दिले, वर्कर किती वेळा बंद पडले, निरोप किती हरवले, यांमुळे अंतिम स्थिती बदलत नाही. ती नोंद अन्यत्र, मागाहून किंवा केवळ रांगेच्या स्मृतीत झाली, तर कितीही दक्ष रांग ती उणीव भरून काढू शकत नाही.

एखाद्या रचनेची परीक्षा घेण्यासाठी विद्यार्थ्यांना एक सोपी रीत अनुसरता येईल. कामाच्या मार्गातील प्रत्येक दोन पावलांच्या मध्ये यंत्र बंद पडले असे कल्पावे आणि प्रत्येक ठिकाणी विचारावे : आता काम झाले आहे की नाही, हे कोणत्या नोंदीवरून कळेल? ज्या फटीसाठी या प्रश्नाला उत्तर नसेल, तेथेच केव्हातरी एखाद्या विद्यार्थ्याची फी कापली जाऊनही त्याचा अर्ज ‘अपूर्ण’ दिसेल. त्याच्या दृष्टीने रांगेची कार्यक्षमता, वर्करांची संख्या आणि निरोपांचा वेग यांना काही मोल नाही. त्याला हवे असते ते एकाच प्रश्नाचे खरे उत्तर, आणि ते देता येईल अशी नोंद ठेवणे हे रचनाकाराचे पहिले कर्तव्य होय.